हिरड्यांवर उपचार केले तर यकृताला काय मिळतं?

२०१२ साली जपानमधल्या एका संशोधक गटाने फॅटी लिव्हरच्या, म्हणजे यकृतात चरबी साठलेल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातला एक छोटासा भाग माझ्या मनात घर करून राहिला आहे. फॅटी लिव्हर असलेल्या आणि हिरड्याही बिघडलेल्या दहा जणांवर तीन महिने हिरड्यांचे उपचार झाले. चिरफाड नाही, नुसती हिरडीच्या वरची आणि खालची सफाई. तीन महिन्यांनी रक्त तपासलं, तर एसजीओटी आणि एसजीपीटी हे दोन्ही आकडे खाली आले होते. यकृताच्या पेशींना इजा होत असली की हेच दोन आकडे वाढतात.

दहा माणसांवरून कुणाला सल्ला देता येत नाही, हे उघड आहे. पण प्रश्न तर पडतोच. दाताच्या मुळाशी असलेल्या जखमेचा, उजवीकडे बरगड्यांच्या आड बसलेल्या यकृताशी संबंध काय? दवाखान्यात तर या दोन गोष्टी कधी एकत्र येत नाहीत. यकृताचे डॉक्टर तोंडात डोकावत नाहीत, दातांचे डॉक्टर सोनोग्राफीचा रिपोर्ट मागत नाहीत. शरीर मात्र एकच आहे, आणि या दोन जागांमधला रस्ता चांगलाच वापरातला आहे.

हिरडीत नेमकं काय बिघडतं

सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवली की बुळबुळीत थर लागतो. तो थर म्हणजे जिवाणूंची वस्ती, प्लाक. ब्रशने तो निघतो. जिथे ब्रश पोचत नाही तिथे तो राहतो आणि लाळेतले क्षार बसून काही दिवसांतच टणक होऊ लागतो. त्याला आपण कीटण म्हणतो. कीटण कितीही घासलं तरी घरी निघत नाही, आणि त्याच्या खरखरीत पृष्ठभागावर नवीन प्लाक आणखी सहज चिकटतो.

याला वैतागून हिरडी सुजते, लाल होते, जरा ब्रश लागला की रक्त येतं. ही पहिली पायरी, जिंजिव्हायटिस. इथून पूर्ण मागे फिरता येतं. पण बहुतेक जण इथे नेमकं उलटं करतात. रक्त येतं म्हणून त्या जागी घासायचंच सोडून देतात. मग प्लाक आणखी साठतो आणि हिरडी आणखी बिघडते. निरोगी हिरडीतून नेहमीच्या घासण्याने रक्त येत नाही, एवढं एक वाक्य सगळ्यांना लहानपणीच सांगितलं गेलं असतं तर कितीतरी दात वाचले असते असं मला मनापासून वाटतं.

पुढची पायरी पेरिओडोन्टायटिस. जुन्या लोकांच्या तोंडी याचं नाव पायरिया. यात हिरडी दातापासून सुटते आणि दोघांच्या मध्ये फट तयार होते. डॉक्टर तिला पॉकेट म्हणतात. हिरडी निरोगी असेल तर ही फट १ ते ३ मिलिमीटर असते. ४ मिलिमीटरपासून काळजी सुरू होते, ६ च्या पुढे ती खोल समजली जाते. एवढ्या खोल ब्रश जात नाही, हवाही जात नाही, आणि प्राणवायू नको असलेल्या जिवाणूंना तेच हवं असतं. त्यातला सगळ्यात कुप्रसिद्ध म्हणजे पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस. नाव लांबलचक आहे, पण पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

दाताला धरून ठेवणारं हाड यात झिजत जातं. गंमत नाही, शोकांतिका आहे ती अशी, की हे हाड जिवाणू खात नाहीत. जिवाणूंना हुसकायला आलेली आपलीच प्रतिकारशक्ती वर्षानुवर्षं लढत राहते आणि त्या धुमश्चक्रीत आपलंच हाड विरघळतं. आणि हे सगळं फारसं न दुखता होतं. दात हलायला लागेपर्यंत अनेकांना पत्ताच नसतो. धूम्रपान करणाऱ्यांचं तर आणखी अवघड, कारण तंबाखूच्या धुरामुळे हिरडीतून रक्त कमी येतं आणि धोक्याची खूणच पुसली जाते.

सगळी पॉकेट्स उलगडून एकाशेजारी एक पसरली तर किती मोठी जखम होईल, याचा हिशेब संशोधकांनी केलेला आहे. पेरिओडोन्टायटिस असलेल्या माणसात ती साधारण ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरते. एवढी उघडी, सुजलेली, जिवाणूंनी माखलेली जखम हातावर असती तर आपण एक रात्रही काढली नसती. तोंडात ती वीस वर्षं राहते, कारण ती दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात १०० कोटींहून जास्त लोकांना हिरड्यांचा गंभीर आजार आहे.

यकृत कुठे बसलंय ते आधी पाहू

यकृताचं वजन दीड किलोच्या आसपास. त्याची खरी खासियत त्याच्या रक्तपुरवठ्यात आहे. इतर अवयवांना हृदयाकडून धमनीवाटे ताजं रक्त येतं. यकृतालाही येतं, पण त्याच्या वाट्याच्या रक्तातला तो साधारण पाव हिस्सा. उरलेलं पाऊण रक्त आतड्यांकडून, पोर्टल व्हेन नावाच्या जाड शिरेतून येतं. म्हणजे आतड्याने जे शोषलं, त्यातलं बरंचसं अंगभर पसरण्याआधी यकृतासमोर हजर होतं. अन्नरस, औषधं, दारू, आणि आतड्यातल्या जिवाणूंचे तुकडेसुद्धा.

या तुकड्यांना टिपायला यकृतात खास पेशी बसलेल्या असतात. त्यांचं नाव कुप्फर पेशी. त्या उंबरठ्यावरच्या राखणदारांसारख्या असतात. येणाऱ्या रक्तातला जिवाणू, त्याच्या भिंतीचा तुकडा, मेलेली पेशी, जे दिसेल ते गिळून टाकतात. रोज थोडाफार कचरा येणं अपेक्षितच आहे, त्याने काही बिघडत नाही. बिघाड होतो तो कचरा सतत आणि जास्त यायला लागला की. मग राखणदार आरडाओरडा सुरू करतात, दाह पेटवणारी रसायनं सोडतात, आणि त्या आवाजाने शेजारच्या दुसऱ्या पेशी जाग्या होऊन व्रण भरून काढावा तसे चिवट धागे विणायला लागतात. या धाग्यांचं जाळं म्हणजे फायब्रोसिस. ते खूप वाढून यकृत गाठीगाठींचं आणि कडक झालं की त्याला सिरॉसिस म्हणतात.

आता तोंडातून इथपर्यंत पोचायचे रस्ते पाहू.

सगळ्यात मोठा रस्ता अगदी साधा आहे: आपण गिळतो. दिवसाकाठी साधारण एक लीटर लाळ पोटात जाते. लाळेच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे दहा कोटी जिवाणू धरले, तर रोजचे दहा हजार कोटी झाले. निरोगी तोंडातले हे जिवाणू बहुतांशी निरुपद्रवी असतात, आणि जठरातलं आम्ल त्यातल्या बहुतेकांचा निकाल लावतं. पण मेलेल्या जिवाणूचं कवच मागे उरतं. या कवचातल्या एका विषारी घटकाला एंडोटॉक्सिन म्हणतात, आणि यकृतातल्या राखणदारांना चिथावायला जिवंत जिवाणू लागत नाही, हे एंडोटॉक्सिन पुरतं. शिवाय आम्ल कमी असेल, उदाहरणार्थ ॲसिडिटीच्या गोळ्या खूप दिवस चालू असतील, तर जिवंत जिवाणूही जास्त संख्येने पुढे सरकतात.

हिरड्यांचा आजार असलेल्या तोंडातून कोणता माल खाली जातो हे महत्त्वाचं. जपानमध्येच २०१४ साली उंदरांवर एक प्रयोग झाला. त्यांना तोंडावाटे पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस दिला. उंदरांच्या आतड्यातल्या जिवाणूंची घडीच बदलली आणि रक्तातलं एंडोटॉक्सिन वाढलं. याचा अर्थ आतड्याचं अस्तर, जे आतला माल आतच ठेवतं, ते झिरपायला लागलं. झिरपलेलं सगळं जाणार कुठे? पोर्टल व्हेनमधून थेट यकृताकडे.

त्याच वर्षी चीनमधल्या संशोधकांनी सिरॉसिसचे ९८ रुग्ण आणि ८३ निरोगी माणसं यांच्या आतड्यातले जिवाणू ताडून पाहिले. रुग्णांच्या आतड्यात जे जिवाणू जास्त सापडले, त्यातल्या ओळख पटलेल्यांपैकी ५४ टक्के मुळात तोंडात राहणारे होते. मला हा आकडा या सगळ्या विषयातला सगळ्यात बोलका वाटतो. तोंडातले रहिवासी आतड्यात बिऱ्हाड करून राहिले होते. निरोगी माणसात आम्ल आणि पित्त त्यांना टिकू देत नाहीत. यकृत खचलं की पित्ताचा प्रवाह मंदावतो आणि हा पहारा ढिला पडतो.

दुसरा रस्ता रक्ताचा. सुजलेल्या हिरडीचं अस्तर फाटकं असतं. घासताना, चावताना त्यातून जिवाणू काही मिनिटांपुरते रक्तात शिरतात. ते बहुतेक वेळा लगेच टिपले जातात, आणि टिपणाऱ्यांत यकृत आघाडीवर असतं.

तिसऱ्या रस्त्याने जिवाणू जातच नाहीत, फक्त निरोप जातो. हिरडीतल्या लढाईत इंटरल्यूकिन ६ सारखी रसायनं तयार होतात आणि रक्तातून यकृतापर्यंत पोचतात. यकृत त्यांना उत्तर म्हणून सीआरपी नावाचं प्रथिन बनवतं. रक्ततपासणीत सीआरपी वाढलं की डॉक्टर म्हणतात, शरीरात कुठेतरी दाह आहे. तो दाह हिरडीतला असेल तरी सीआरपी बनवण्याचं काम यकृतालाच करावं लागतं.

पण दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीने दुसरी झाली असं नसतं

पहिल्या जपानी अभ्यासात आणखी एक निरीक्षण होतं. फॅटी लिव्हर असलेल्यांपैकी जवळपास ४७ टक्के लोकांच्या तोंडात पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस सापडला, नसलेल्यांमध्ये तो सुमारे २२ टक्क्यांत होता. फरक मोठा आहे. तरी लगेच निष्कर्ष काढू नये.

कारण दोन्ही आजारांची माणसं पुष्कळदा तीच असतात. मधुमेह हिरड्या बिघडवतो आणि यकृतात चरबीही साठवतो. वाढलेलं वजन, गोड खाण्यापिण्याचा अतिरेक, दारू, धूम्रपान, अपुरी झोप, पैशांअभावी पुढे ढकललेल्या तपासण्या, यातलं बरंचसं दोन्हीकडे सामाईक आहे. शिवाय गाडी उलट्या दिशेनेही धावते. यकृत थकलं की रक्त गोठवणारे घटक कमी बनतात, प्लीहा मोठी होऊन प्लेटलेट अडकवून ठेवते, हिरडीतून रक्त येतं, माणूस भीतीने घासणं कमी करतो. पोटातलं पाणी कमी करायच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, आणि लाळ कमी म्हणजे जिवाणूंना मोकळं रान.

वैद्यकाच्या इतिहासात या बाबतीत एक जुनी ठेच लागलेली आहे, म्हणूनही मी सावध आहे. १८९१ साली बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यांनी तोंड हे शरीरभरच्या आजारांचं उगमस्थान असू शकतं असं मांडलं. १९१० साली विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरांनी माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात त्यावर गाजलेलं भाषण केलं. पुढची काही दशकं सांधेदुखीपासून मानसिक आजारापर्यंत कशावरही उपाय म्हणून लोकांचे दात उपटले गेले. चांगले दातसुद्धा. आजार बरे झाले नाहीत, माणसं बोळकी झाली. नंतर वैद्यक इतकं विरुद्ध टोकाला गेलं की तोंडाचा बाकी शरीराशी संबंध आहे हे म्हणणंच मागे पडलं. आज आपण त्या दोन टोकांच्या मधल्या जागेवर, पुराव्याच्या आधाराने हळूहळू परत येतोय.

संबंध खरा आहे का हे तपासायचा उत्तम मार्ग एकच. हिरड्या बऱ्या करून पाहायच्या आणि यकृताचं काय होतं ते मोजायचं, तेही तुलनेला दुसरा गट ठेवून. असा एक प्रयोग जपानमध्ये झाला आणि २०२२ साली प्रसिद्ध झाला. फॅटी लिव्हर आणि पेरिओडोन्टायटिस दोन्ही असलेल्या ४० जणांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला हिरडीखालची खोल सफाई, दुसऱ्याला फक्त ब्रश करण्याचं शिक्षण. बारा आठवड्यांनी सफाई झालेल्या गटात एसजीपीटी जास्त उतरलं होतं, आणि पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिसविरुद्धची प्रतिपिंडंही जास्त घटली होती. म्हणजे शरीराला त्या जिवाणूशी लढायची गरज कमी झाली, आणि त्याच सुमारास यकृतही थोडं शांत झालं.

चाळीस हाही मोठा आकडा नाही, आणि बारा आठवड्यांत फायब्रोसिस कमी झाला की नाही हे सांगता येत नाही. धागे विणायला वर्षं लागतात, उसवायलाही लागतात. त्यामुळे मी याला एवढंच म्हणेन: हिरड्यांच्या उपचाराने यकृतावरचा ताण हलका होतो याच्या खुणा रक्तात दिसतात. त्याने यकृताचा आजार बरा होतो असं कुणी सांगत असेल तर ते पुराव्याच्या पुढे पळतायत.

सिरॉसिसच्या घरात हे जास्त महत्त्वाचं आहे

फॅटी लिव्हरच्या माणसाला हातात वेळ असतो. सिरॉसिसच्या माणसाला तो कमी असतो, आणि त्याच्या बाबतीतला अभ्यास मला जास्त भिडला.

सिरॉसिसमध्ये एक त्रास घरच्यांना फार हतबल करतो. कालपर्यंत हिशेब ठेवणारा माणूस आज तारीख विसरतो, रात्री जागा आणि दिवसा झोपेत, सहीचं अक्षर बदलतं, बोलण्यात चिडचिड येते. घरच्यांना वाटतं वय झालं, किंवा मन खचलं. हे बहुधा हेपॅटिक एन्सेफॅलोपॅथी असतं. आतड्यातले जिवाणू अमोनिया आणि इतर विषारी द्रव्यं तयार करतात, यकृत ती गाळू शकत नाही, ती मेंदूपर्यंत पोचतात. अंगात दाह असेल तर त्यांचा परिणाम आणखी वाढतो. म्हणून या रुग्णांना लॅक्टुलोजचं सरबतासारखं औषध देतात, रिफॅक्सिमिनच्या गोळ्या देतात. दोन्ही औषधं आतड्यातल्या जिवाणूंच्या कारभारावर काम करतात.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात डॉक्टरांनी एक पाऊल मागे जाऊन विचार केला. आतडं साफ करायचं तर आतड्यात रोज वरून काय मिसळतंय? खाली पाणी गाळत बसायचं आणि उगमाशी घाण पडू द्यायची, याला अर्थ नाही. त्यांनी सिरॉसिसच्या रुग्णांच्या हिरड्यांवर उपचार केले आणि ३० दिवसांनी पुन्हा तपासलं. २०१८ साली निकाल प्रसिद्ध झाला. रक्तातलं एंडोटॉक्सिन आणि दाहाच्या खुणा कमी झाल्या होत्या, आणि ज्यांना आधी एन्सेफॅलोपॅथीचा त्रास झाला होता त्यांची आकलनाच्या चाचण्यांतली कामगिरी सुधारली होती. एका महिन्यात, हिरड्या साफ करून. हाही छोटाच अभ्यास आहे, पण ज्याच्या घरात असा रुग्ण आहे त्याला यातला दिलासा मी वेगळा सांगायला नको.

खुर्चीत बसल्यावर काय होतं

हिरड्यांच्या उपचाराची भीती बहुतेकदा माहिती नसल्याने असते. आधी डॉक्टर एक बारीक, मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट सळई हिरडी आणि दात यांच्या फटीत हलकेच घालून प्रत्येक दाताची खोली सहा ठिकाणी मोजतात. कुठे रक्त येतं ते लिहून ठेवतात. एक्स-रे काढून हाड किती उरलंय ते पाहतात. मग स्केलिंग, म्हणजे दातांवरचं कीटण काढणं. पॉकेट खोल असतील तर जागा बधिर करून हिरडीखाली, मुळाच्या पृष्ठभागापर्यंत सफाई करतात. हे एका बैठकीत होतंच असं नाही. साधारण तीन महिन्यांनी पुन्हा खोली मोजतात. बऱ्याच फटी तोवर आक्रसलेल्या असतात. ज्या राहिल्या त्यांच्यासाठी कधी पुन्हा सफाई, कधी छोटी शस्त्रक्रिया.

स्केलिंगने दात सैल होतात, फटी पडतात, ही समजूत मला फार सलते, कारण तिच्यामुळे लोक उपचार टाळतात आणि दात गमावतात. फट आधीच असते, तिच्यात कीटण भरलेलं असतं. ते निघालं आणि सूज उतरली की ती दिसते. काही आठवडे थंड-गरम जास्त झोंबतं, मग कमी होतं.

एक खरी गोष्ट मात्र आधीच माहीत असावी. खोल सफाईनंतर लगेच अंगातला दाह कमी होत नाही, उलट थोडा वाढतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या १२० रुग्णांच्या अभ्यासात गंभीर पेरिओडोन्टायटिसवर कसून उपचार केल्यावर पहिल्या चोवीस तासांत दाहाच्या खुणा वाढल्या होत्या आणि रक्तवाहिन्यांची लवचीकता घटली होती. सहा महिन्यांनी तीच लवचीकता फक्त साधे उपचार झालेल्यांपेक्षा चांगली होती. म्हणून ज्याचं यकृत अगदी नाजूक अवस्थेत आहे, पोटात पाणी झालंय, कावीळ वाढतेय, त्याने कोणत्या दिवशी आणि किती सफाई करायची हे यकृताच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. सगळं तोंड एका दमात उरकण्याचा हट्ट नको.

फॅटी लिव्हरवर हिरड्यांचा उपचार आडवाटेनेही मदत करतो, मधुमेहाच्या वाटेने. मधुमेह आणि पेरिओडोन्टायटिस दोन्ही असलेल्यांच्या अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तर हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी, म्हणजे गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा, साधारण ०.४ ने उतरतो. साखर आटोक्यात राहिली तर यकृतालाही बरं. पण फॅटी लिव्हरचा मुख्य उपचार तोच आहे जो डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगतात आणि आपण टाळतो. वजन ७ ते १० टक्क्यांनी उतरलं तर यकृतातली चरबीच काय, दाहसुद्धा कमी होतो. हिरड्यांची काळजी ही त्याच्या जोडीला आहे, त्याच्या बदली नाही.

यकृताचा आजार असेल तर दंतवैद्यांना हे सांगाच

सगळ्यात आधी सांगायचं ते यकृताच्या आजाराचं नाव आणि अवस्था. लोक हे सांगत नाहीत, कारण दाताचा आणि त्याचा संबंध त्यांच्या डोक्यातच येत नाही. सिरॉसिसमध्ये प्लेटलेट कमी आणि रक्त गोठायला उशीर, असं दोन्ही असू शकतं. म्हणून खोल सफाई किंवा दात काढण्याआधी प्लेटलेट आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, बघितले जातात.

औषधांचा भाग तर सर्वांत जपण्यासारखा. दातदुखीवर हमखास लिहून मिळणारी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारखी गोळी सिरॉसिसमध्ये टाळतात, कारण तिच्याने किडनीवर ताण येतो आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. त्यामानाने पॅरासिटामॉल बरी, पण सिरॉसिसमध्ये दिवसाला २ ग्रॅमच्या वर जाऊ नये असा साधारण दंडक आहे, आणि दारू चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तीही नको. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड यांची जोडगोळी दातांच्या संसर्गात सर्रास दिली जाते. औषधामुळे यकृताला होणाऱ्या इजेत हीच जोडी वरच्या क्रमांकावर आहे. बहुतेकांना काही होत नाही, पण पूर्वी ती घेतल्यावर कधी कावीळ झाली असेल तर ते ठासून सांगावं. मेट्रोनिडॅझोलचा डोस यकृत फार बिघडलं असेल तर कमी करावा लागतो. ज्यांनी दारू सोडली आहे त्यांनी अल्कोहोल नसलेलं माउथवॉश मागून घ्यावं.

यकृत प्रत्यारोपणाच्या यादीत नाव असेल तर दातांची तपासणी तयारीचाच भाग असते. प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवावी लागते, आणि तेव्हा तोंडातला दबलेला संसर्ग डोकं वर काढू शकतो. ही तपासणी शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये. हिरड्या बऱ्या व्हायला महिने लागतात.

घरी करायचं काम थोडं आहे, पण रोजचं आहे. दिवसातून दोनदा, मऊ ब्रश, आणि ब्रशचे केस सपाट न ठेवता हिरडी आणि दात यांच्या कडेकडे साधारण ४५ अंशांत तिरके. जोर नको, थरथर पुरे. दोन दातांच्या मधल्या जागेसाठी इंटरडेंटल ब्रश किंवा फ्लॉस, कारण हिरड्यांचा आजार बहुतेकदा तिथूनच सुरू होतो. आणि एकदा पेरिओडोन्टायटिस झालेला असेल तर दर तीन ते सहा महिन्यांनी सफाई. एकदा उपचार झाले की सुटलो असं यात नसतं. जिवाणू पुन्हा वस्ती करतात, आणि यकृताकडे जाणारा तो रस्ता पुन्हा वाहता होतो.

हिरडीतून रक्त येत असेल आणि यकृताचा काही आजार माहीत नसेल, तर नीट, रोज, न घाबरता घासायला सुरुवात करा. साधी सूज असेल तर एक-दोन आठवड्यांत रक्त थांबायला लागतं. नाही थांबलं तर दंतवैद्यांकडे जाऊन पॉकेटची खोली मोजून घ्या आणि मोजलेले आकडे मागून घ्या. पण यकृताचा आजार आधीपासून असेल आणि घासत नसतानाही, आपोआप, उशीवर डाग पडेल इतकं हिरडीतून रक्त येत असेल, तर पहिला फोन यकृताच्या डॉक्टरांना करा, त्याच दिवशी.